सहा पाय की आठ? बारीक वस्तूंचे फोटो जोडणारं सॉफ्टवेअर निवडताना



मागे आपण पिकावरच्या किडीचे मोबाईलने फोटो कसे काढायचे ते बोललो होतो. त्यानंतर आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातल्या एका बचत गटाचा निरोप आला. या मैत्रिणी गावरान बियाणं जपतात. त्यांनी कळवलं, "भाताचे, नाचणीचे, वरईचे दाणे जवळून टिपून आम्हाला त्यांची वही करायची आहे. पण दाण्याचं एक टोक स्पष्ट आलं की दुसरं पुसट येतं. बरेच फोटो जोडून एकच स्वच्छ फोटो करणारं सॉफ्टवेअर असतं म्हणतात. त्यातलं कोणतं घ्यावं? गटाच्या खात्यातून पैसे काढायचा ठराव करायचा आहे." त्याच आठवड्यात ओतूरकडच्या मैत्रिणींनी हाच प्रश्न विचारला. त्यांना मात्र टोमॅटोवरचे फुलकिडे टिपायचे आहेत.

दोघींनाही आम्ही एवढंच उत्तर धाडलं की ठराव करायची घाई करू नका, थोडं थांबा. बाकीचं आज सविस्तर सांगतो. कारण या कामात आम्ही आधी पैसे घालवले आहेत, आणि एकदा तर जोडलेल्या फोटोवर विसंबून भलतंच औषध फवारायच्या बेतात होतो.

आधी हे पुसट येणं काय असतं ते बघू. सुईत दोरा ओवताना आपण सुई डोळ्यांजवळ धरतो. तेव्हा सुईचं नाक लख्ख दिसतं, पण मागची भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर सगळं विरघळून जातं. कॅमेऱ्याचंही तसंच आहे. वस्तू जितकी जवळ, तितकी स्पष्ट दिसणारी जागा पातळ. शिवनेरीचा फोटो काढताना बुरूज आणि पायथ्याची झाडं दोन्ही स्पष्ट येतात. पण मोबाईलवर चिमट्याचं भिंग लावून नाचणीचा दाणा टिपला तर दाण्याची जेमतेम एक चकती स्पष्ट येते. तिच्या पुढचं धूसर आणि मागचंही धूसर.

मोठा कॅमेरा असलेल्या म्हणतील, भोक बारीक करा, म्हणजे जास्त भाग स्पष्ट येईल. येतो, खोटं नाही. पण भोक फार बारीक केलं की उजेड त्याच्या कडांवरून वाकून पसरतो आणि अख्खा फोटोच मऊ पडतो. केस, काटे, पंखांच्या कडेची झालर, हे जे बघायचं तेच त्यात बुजतं. मोबाईलमध्ये तर बहुधा भोक बदलताच येत नाही.

म्हणून ही युक्ती निघाली. तिला फोकस स्टॅकिंग म्हणतात. वस्तू जागची हलवायची नाही, उजेड बदलायचा नाही, आणि फोकस थोडा थोडा पुढे सरकवत पंधरा-वीस फोटो काढायचे. काकडीच्या चकत्या करतो तसं. प्रत्येक फोटोत एकेक चकती स्पष्ट येते. मग कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम ते फोटो एकमेकांवर बरोबर बसवतो, प्रत्येकातला स्पष्ट तुकडा उचलतो आणि पुन्हा अख्खी काकडी उभी करतो. कोणता तुकडा स्पष्ट आणि कोणता धूसर हे प्रोग्राम स्वतः ठरवतो. आमची फजिती झाली ती नेमकी इथेच.

झालं असं. आमच्यातल्या एकीच्या टोमॅटोच्या प्लॉटमध्ये पानं वरून चंदेरी-पिवळट पडू लागली होती. पानामागे बारीक पिवळसर जीव दिसत होते, पण उघड्या डोळ्यांना ते नुसते ठिपके. आम्ही पान घरी आणलं, मोबाईलवर भिंग बसवलं, अठरा फोटो काढले आणि नव्यानेच शिकलेल्या प्रोग्रामने जोडले. काय सुंदर फोटो आला! सगळ्यांनी पाय मोजले. आठ. शाळेत शिकलोय ना, किड्याला सहा पाय आणि कोळ्याला आठ. म्हणजे हा कोळी, असा निकाल आम्ही लावला. कोळीनाशक आणायला पैसेही मोजून ठेवले. फोटो एका कीटकशास्त्र शिकलेल्या ताईंना पाठवला तो केवळ कौतुक करून घ्यायला.

ताईंनी कौतुक केलं नाही. त्यांनी मूळचे अठरा फोटो मागितले. ते एकेक उघडून बघितल्यावर आमच्या लक्षात आलं, कुठल्याही एका फोटोत आठ पाय नव्हते. सगळीकडे सहाच. सातव्या आणि आठव्या फोटोच्या मधे त्या जिवाने एका बाजूचे दोन पाय उचलून पुढे टाकले होते. प्रोग्रामला काय कळणार? त्याला पाय आधीच्या जागीही स्पष्ट दिसले आणि नव्या जागीही स्पष्ट दिसले. त्याने इमानेइतबारे दोन्ही ठेवले. शिवाय डोक्यावर दोन मिशा होत्या, आणि कोळ्याला मिशा नसतात. त्या मिशांकडे आम्ही बघितलंच नव्हतं. ते फुलकिड्याचं पिल्लू होतं.

हसू आलं तेव्हा, पण गोष्ट साधी नव्हती. कोळ्याचं औषध वेगळं आणि फुलकिड्याचं वेगळं. चुकीचं फवारलं तर औषधाचे पैसे, पंपवाल्याची मजुरी आणि हातातले चार दिवस सगळं जातं, आणि कीड आहे तिथेच राहते. उलटही घडतं. काही कीटकनाशकांनी कोळ्यांना खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी आणखी फोफावतो. आणि फुलकिडे नुसता रस शोषत नाहीत, टोमॅटोवरचे काही विषाणूही पसरवतात. नारायणगावच्या बाजारात क्रेट उतरवणाऱ्या घरांना आठवडाभर उशीर म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. (जाता जाता, पाय मोजूनही फसायला होतं बरं का. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या कोळ्याच्या पिल्लालाही सहाच पाय असतात. म्हणून मिशा बघा, अंगाचा आकार बघा, पानावर जाळी आहे का ते बघा.)

त्या दिवसापासून सॉफ्टवेअर निवडताना आमचा पहिला प्रश्न बदलला. आधी आम्ही विचारायचो, सगळ्यात छान फोटो कशात येतो? आता विचारतो, प्रोग्रामने चूक केली तर ती मला दिसेल का, आणि हाताने दुरुस्त करता येईल का?

आता फोटो जोडायच्या रीती बघू. प्रोग्रामांची नावं ढीगभर आहेत, पण मुख्य रीती दोन. हे एकदा कळलं की निम्मी निवड झालीच म्हणून समजा.

पहिल्या रीतीत प्रोग्राम वस्तूचा खोलीचा नकाशा काढतो. म्हणजे ही जागा तिसऱ्या फोटोतून घ्यायची, तिच्या शेजारची चौथ्यातून, असं ठरवत जातो. यात रंग जसेच्या तसे राहतात आणि गुळगुळीत भाग गुळगुळीतच दिसतो. दाणे, बिया, फळावरचे डाग, हिरड्याचं फळ, असल्या गोष्टींना ही रीत उत्तम. पण एकावर एक आडवे गेलेले केस किंवा पाय आले की ती गोंधळते. पुढचा केस मधेच तुटतो, मागचा गायब होतो, कडेने धूसर पट्टा उमटतो. डोंगराच्या नकाशात एका जागी एकच उंची दाखवता येते ना, तसंच. वरून पूल गेलाय आणि खालून ओढा, हे त्या नकाशात मावत नाही.

दुसऱ्या रीतीला पिरॅमिड म्हणतात. यात प्रोग्राम प्रत्येक फोटोतला ठळक आणि बारीक तपशील वेगवेगळा चाळून काढतो. रव्याच्या, मैद्याच्या वेगवेगळ्या चाळण्या असतात तसा. मग प्रत्येक चाळणीतलं सगळ्यात ठसठशीत ते उचलतो. आडवेतिडवे केस आणि पंखांची झालर यात छान टिकते. फुलकिड्यांच्या पंखांना कडेने केसांची झालर असते, ती बघायला हीच रीत लागते. पण तिचा दोषही त्यातच आहे. ठसठशीत ते सगळं ती उचलते, म्हणून फोटोतली कचकच वाढते, रंग भडकतात, धुळीचा कण असेल तर तोही ठळक होतो. आणि किडा हलला तर पायांची संख्या वाढते, ते आता तुम्हाला माहीतच आहे.

तेव्हा आंबेगावच्या बियाणेवाल्या मैत्रिणींना नकाशाची रीत आणि ओतूरच्या किडेवाल्यांना पिरॅमिडची. एकच प्रश्न दोघींनी विचारला, पण उत्तर दोन.

आता नावं घेऊ. जगभर या कामासाठी दोन विकतचे प्रोग्राम नावाजलेले आहेत. एक हेलिकॉन फोकस, युक्रेनमधल्या खारकीव्ह शहरातल्या कंपनीचा. दुसरा झेरीन स्टॅकर, अमेरिकेतल्या रिक लिटलफील्ड यांनी केलेला. झेरीन हे फुलपाखरांच्या एका गटाचं शास्त्रीय नाव आहे, त्यावरूनच हा कुणासाठी केलाय ते कळतं. दोन्हीत नकाशा आणि पिरॅमिड या दोन्ही रीती आहेत. दोन्हीत हाताने दुरुस्ती करता येते. एका बाजूला जोडलेला फोटो, दुसऱ्या बाजूला मूळचा, आणि मूळच्यातला खरा पाय ब्रशने या फोटोत आणायचा. आमच्या मते हीच त्यांची खरी किंमत. झेरीनमध्ये तर लोक दोन्ही रीतींनी एकेक फोटो करतात आणि पिरॅमिडमधले केस नकाशाच्या फोटोवर रंगवून घेतात. हेलिकॉन चालतो जलद. झेरीनला वेळ लागतो, पण केसाळ किड्यांवर काम करणारे त्याची बाजू घेतात. किमती डॉलरमध्ये असतात आणि बदलत राहतात, म्हणून आकडा सांगत नाही. मात्र परवान्याचे स्वस्त-महाग प्रकार असतात. स्वस्तातल्या प्रकारात हाताने दुरुस्तीची सोय आहे ना, हे पैसे भरण्याआधी वाचून घ्या. आणि दोन्ही ३० दिवस फुकट वापरून बघता येतात. नवीन साडीसुद्धा आपण अंगाला लावून बघतो, मग हे का नाही?

फोटोशॉप सगळ्यांनी ऐकलेलं असतं, कारण लग्नाचे अल्बम त्यात होतात. त्यातही थर जुळवायची आणि मिसळायची सोय आहे. पण ते भाड्याचं घर आहे, हप्ता थांबला की बाहेर. शिवाय चाळीस-पन्नास फोटो दिले की साधा लॅपटॉप धापा टाकतो, आणि जोडायच्या रीतीवर आपला फारसा ताबा राहत नाही. तालुक्याच्या फोटो स्टुडिओत ते आधीच असेल तर तिथे जाऊन जोडून घ्या. नुसतं यासाठी घेऊ नका.

ॲफिनिटी नावाचा प्रोग्राम आधी विकत होता. कॅनव्हा कंपनीने तो घेतला आणि ऑक्टोबर २०२५ पासून फुकट केला. त्यात फोटो जोडता येतात आणि मूळच्या फोटोतून दुरुस्तीही करता येते. अट दोन गोष्टींची, कॅनव्हाचं खातं उघडावं लागतं आणि कॉम्प्युटर बऱ्यापैकी नवा लागतो. आमच्या गटाकडचा जुना लॅपटॉप त्यापुढे हात जोडतो.

जुन्या लॅपटॉपवर आमचं काम भागवलं ते पिकोले नावाच्या छोट्याशा प्रोग्रामने. जर्मनीत ओल्डेनबर्ग विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलेले हेरिबर्ट सिपिओन्का यांनी तो केला आहे. विंडोजवर चालतो, फुकट आहे, आकाराने एवढासा आहे आणि एकदा उतरवून घेतला की इंटरनेट लागत नाही. सूक्ष्मदर्शकाखालच्या फोटोंसाठीच तो घडलाय, म्हणून फोटोवर मोजमापाची पट्टी टाकायची सोयही आहे. दिसायला अगदी जुनाट, बटणांची गर्दी, आणि सगळं इंग्रजीत. पहिल्या दिवशी आम्हीही वैतागलो. पण दाखवलेल्या सात-आठ बटणांपलीकडे जावंच लागत नाही. आमच्यातल्या साठीच्या एक आजी आता न अडखळता फोटो जोडतात.

आणखीही फुकटची साधनं आहेत. ह्युगिन नावाच्या संचातली दोन अवजारं हे काम करतात, पण त्यात बटणं नाहीत, ओळीच्या ओळी टाईप कराव्या लागतात. घरात कॉम्प्युटर शिकणारी लेक किंवा सून असेल तर तिला द्या, तिला आवडेल. कम्बाईन-झेडपी हा एकेकाळचा लाडका प्रोग्राम, पण त्यात नवी सुधारणा होणं केव्हाच थांबलंय आणि तो आता कुठल्याकुठल्या जागांवरून उतरवावा लागतो. आम्ही त्याच्या वाटेला जात नाही.

कुठल्याकुठल्या जागांवरून म्हणताना आमची एक चूक आठवली, तीही सांगते. सुरुवातीला एका दुकानदाराने आम्हाला महागाचं सॉफ्टवेअर पेनड्राईव्हवर अगदी थोडक्या पैशात टाकून दिलं. म्हणाला, सगळेच असंच वापरतात. ते चोरीचं होतं. दोन आठवड्यांत लॅपटॉप बंद पडू लागला आणि त्यातले एका हंगामाचे फोटो गेले. वर गटाच्या वहीत त्या खर्चाची पावती नाही, तर हिशेबाच्या बैठकीत कोण काय सांगणार? तेव्हापासून आम्ही नियम केलाय. फुकट घ्यायचं तर करणाऱ्याच्या स्वतःच्या जागेवरून आणि विकत घ्यायचं तर पावतीसकट.

आता पैशांचं बोलू. गटाकडे थोडे पैसे असतील तर ते आधी सॉफ्टवेअरवर घालू नका. डगमगत्या हाताने काढलेले वीस फोटो जगातल्या कुठल्याही प्रोग्रामला नीट जोडता येत नाहीत. आधी स्टँड करा.

आमचा स्टँड वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. वर मोबाईल आडवा ठेवायची चौकट, तीत कॅमेऱ्यापुरती फट, आणि खाली वस्तू ठेवायची छोटी पाटी, जी एका बोल्टवर वरखाली होते. बोल्ट सहा एमएमचा घ्या, नेहमीच्या आट्यांचा. या बोल्टच्या दोन आट्यांत बरोबर एक मिलिमीटर अंतर असतं. म्हणजे पूर्ण एक फेरा दिला की पाटी एक मिलिमीटर वर येते आणि पाव फेरा दिला की पाव मिलिमीटर. बोल्टच्या डोक्याला रंगाचा ठिपका लावा, म्हणजे फेरा मोजता येतो. परदेशातून येणाऱ्या महागड्या सरकपट्ट्या हेच काम करतात.

मोबाईलचा फोकस मग बदलायचाच नाही. पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्हीला कुलूप लागतं. प्रत्येक फोटोआधी बोल्टला पाव फेरा द्यायचा, हात काढायचा, श्वासभर थांबायचं आणि मग फोटो. पडद्याला बोट लावून फोटो काढला तर मोबाईल हलतो. त्याऐवजी कानात घालायचे वायरचे इअरफोन लावा. बहुतेक मोबाईलमध्ये त्यावरचं आवाजाचं बटण दाबलं की फोटो निघतो. नाहीतर दोन सेकंदांचा टायमर लावा.

उजेडासाठी दोन बॅटऱ्या दोन बाजूंनी ठेवतो आणि मधे बटरपेपरची नळी उभी करतो. नुसत्या बॅटरीचा उजेड किड्याच्या पाठीवर आरशासारखा चमकतो. तो चमकणारा ठिपका प्रोग्रामला 'स्पष्ट' वाटतो, आणि मग तिथे पांढरट वलय उमटतं. जोडलेल्या फोटोत वस्तूभोवती अशी प्रभा दिसली की समजा, दोष बहुधा उजेडाचा किंवा फार मोठ्या टप्प्यांचा आहे.

टप्पा केवढा घ्यायचा? त्यासाठी मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या. ती पाटीवर तिरकी, अर्ध्या काटकोनात उभी करा आणि फोटो काढा. मिलिमीटरच्या किती रेषा स्पष्ट दिसतात ते मोजा. समजा एक मिलिमीटरभर स्पष्ट आली, तर खरी खोली पट्टी तिरकी असल्याने त्याच्या सुमारे सात दशांश, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या जरा आत. टप्पा त्याहून लहान हवा, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत चालेल. शेजारच्या दोन फोटोंतला स्पष्ट भाग थोडा एकमेकांवर चढला पाहिजे, कौलं बसवतो तसा. कौलात फट राहिली की पाणी गळतं, आणि इथे फट राहिली की फोटोत धूसर पट्टा येतो. नाचणीचा दाणा दीड-पावणेदोन मिलिमीटरचा, त्याला सात-आठ फोटो पुरतात. टोमॅटोच्या फुलाला तीस-चाळीसही लागतील.

ज्यांच्याकडे कॉम्प्युटरच नाही त्यांनी ओपन कॅमेरा नावाचं फुकट ॲप बघावं. काही मोबाईलवर ते जवळपासून लांबपर्यंत फोकस आपोआप सरकवत ओळीने फोटो काढून देतं. प्रत्येक मोबाईल त्याला साथ देत नाही, लावून बघितल्यावरच कळतं. फोटो जोडायला मात्र कुणाच्या तरी लॅपटॉपपाशी बसावं लागेल.

किडा हलू नये म्हणून काय करायचं, हे बऱ्याच जणी विचारतात. पान झाकणाच्या डबीत घालून काही मिनिटं फ्रीजमधल्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. गारठ्याने किडे सुस्तावतात. मग फोटो झटपट काढायचे, उजेडाच्या उबेने ते परत चालू लागतात. आणि डबीवर चिठ्ठी लावा हो, नाहीतर घरातलं कुणीतरी कोथिंबीर समजून उघडेल. आमच्याकडे झालंय.

किड्याखाली आलेखाच्या वहीचा एक मिलिमीटर चौकटीचा कागद ठेवा. फुलकिडा साधारण एक-दीड मिलिमीटर लांब, लाल कोळी अर्धा मिलिमीटरच्या आसपास. चौकट दिसली की फोटो बघणाऱ्याचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. आमच्या त्या आठ पायांच्या फोटोत कागद असता तर त्याची लांबी बघूनच शंका आली असती.

फोटो पाठवताना जोडलेला एक आणि मूळचे तीन-चार असे एकत्र पाठवा. सोबत गाव, पीक, तारीख आणि पानाच्या कुठल्या बाजूला सापडलं ते लिहा. आणि फोटो खुलवणारी, धूसर ते ठळक करणारी नवी ॲप निघाली आहेत, त्यांच्यातून तो काढू नका. ती ॲप जिथे केस दिसत नाही तिथे मनाने केस काढतात. वाढदिवसाच्या फोटोला चालेल. ज्यावरून औषध ठरणार त्याला चालणार नाही.

या सगळ्याचा उपयोग कुठपर्यंत, हेही सांगायला हवं. टोमॅटोवरची टुटा नाग अळी आपल्याकडे २०१४ मध्ये पहिल्यांदा नोंदली गेली, आणि देशातल्या त्या पहिल्या नोंदी पुणे जिल्ह्यासह आपल्या महाराष्ट्रातल्याच. नेहमीची नाग अळी पानात नागमोडी रेघ काढते आणि टुटा पसरट पापुद्रा करते. हा फरक चांगल्या फोटोत घरबसल्या दिसतो. पण २०२० च्या उन्हाळ्यात टोमॅटोची फळं रंगीबेरंगी होऊ लागली आणि लोक त्याला तिरंगा म्हणू लागले, तेव्हा फोटोंनी काही उलगडलं नाही. नमुने बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेत गेले, आणि कुकुंबर मोझॅक व्हायरसचं नाव पुढे आलं. विषाणू कुठल्याही भिंगात दिसत नाही. फार तर तो पसरवणारा मावा दिसेल. अशा वेळी फोटोवर वेळ न घालवता पान-फळ पिशवीत घालून नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात नाहीतर आपल्या कृषी सहायकाकडे न्या. कांद्याचं असेल तर राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आपल्याला लांब नाही.

तर आंबेगावच्या मैत्रिणींनो, तुमचे दाणे हलत नाहीत, तुम्हाला दुरुस्तीची फारशी गरज नाही. पिकोले उतरवून घ्या, स्टँड करा, आणि उरलेल्या पैशांत वही चांगल्या कागदावर छापा. आंबेमोहोर आणि रायभोगाचे दाणे शेजारी शेजारी ठेवून एकाच उजेडात टिपा, नाहीतर रंगावरून वाद होतील. विकतचं घ्यायचं कारण तुम्हाला आम्हाला तरी दिसत नाही.

ओतूरच्या मैत्रिणींनो, तुम्हीही पिकोलेनेच सुरू करा. एका हंगामात तीस-चाळीस वेळा जोडून बघा. दर वेळी मूळचे फोटो उघडून पाय मोजावेसे वाटू लागले, आणि दुरुस्तीवाचून अडतंय असं तीन-चार वेळा झालं, तर झेरीन आणि हेलिकॉन दोन्ही महिनाभर फुकट चालवा. पण एकाच महिन्यात दोन्ही नको, एकानंतर एक. महिना सुरू कराल तो टोमॅटोवर कीड असेल तेव्हा, नाहीतर ते तीस दिवस रिकामे जातील. मग ठरावाच्या बैठकीत दोन्हीत जोडलेला एकाच फुलकिड्याचा फोटो सगळ्यांपुढे ठेवा आणि ज्यांना कॉम्प्युटर येत नाही त्यांनाच पाय मोजायला सांगा.

स्टँडचं मोजमाप हवं असलेल्यांनी आपल्या गटाचं नाव कळवा. आमच्याकडे तो कागदावर काढलेला आहे, झेरॉक्स पाठवतो. वेल्डिंगवाल्याला बोल्टची आटी मात्र स्वतः दाखवा. आमचा पहिला बोल्ट त्याने जाड आट्यांचा बसवला होता आणि आमची सगळी मापं आठवडाभर चुकत होती.